तांब्याचा निळा कळंक

पितळेच्या भांड्यात ताक ठेवू नये, कळकतं, हे मराठी घरात कुणाला वेगळं शिकवावं लागत नाही. कल्हई उडालेल्या पातेल्यात रात्री चुकून राहिलेली आमटी, सकाळी तिच्या कडेला दिसणारी हिरवट-निळी रेघ, आणि ‘ओतून दे ती आधी!’ हा घरातल्या मोठ्या बाईचा हुकूम... कल्हईवाले दारावर यायचे थांबले, पातेली माळ्यावर गेली, तरी शब्द मात्र टिकून आहे. देवघरातला तांब्या चार दिवस चिंचेविना राहिला की काळवंडतो, पावसाळ्यात हिरवा पडतो. आणि नाशिक-सांगलीकडे ज्यांच्या द्राक्षबागा आहेत त्यांच्या कोठीत मोरचुदाची पिशवी असतेच. निळीशार! तोही तांब्याचाच अवतार.

तांब्याला हवा, पाणी आणि काहीतरी आंबट एकत्र भेटलं की ते रंग बदलतं, एवढीच या सगळ्यातली रसायनविद्या. जमिनीच्या पोटातही नेमकं हेच घडतं. तिथं चिंचेच्या जागी गंधकाचं आम्ल असतं आणि एका रात्रीच्या जागी हजारो, लाखो वर्षं. मध्य प्रदेशातल्या मलाजखंडला तांब्याच्या खाणीच्या वरच्या थरांत जे हिरवं मॅलाकाइट सापडतं, तो जमिनीतला कळंकच. त्याचं निळं भावंड ॲझुराइट. ही दोन्ही जगात बऱ्याच ठिकाणी मिळतात, अंगठीत बसतात, जुन्या चित्रांच्या रंगांतही सापडतात.

पण तांब्याच्या याच कुळात एक निळं खनिज असं आहे, की ते चांगल्या रूपात पाहायचं तर संग्रहालयातच जावं लागतं. त्याचं नाव लिरोकोनाइट. रंग श्रावणातली सर ओसरल्यावर ढगांच्या फटीतून दिसणाऱ्या आकाशाचा, क्वचित थोडा हिरवटाकडे झुकलेला. स्फटिक चपटे, दोन्ही बाजूंनी उतरते. जर्मन अभ्यासकांनी त्याला ‘लिन्झेनएर्त्स’ म्हटलं, म्हणजे मसुरासारखं खनिज! आज रूढ असलेलं नाव १८२५ साली हायडिंगर या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञानं दिलं. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ ‘फिकट पूड’. खडा एवढा निळा असूनही घासल्यावर त्याची पूड फिकीच पडते. आणि घासायला बळही लागत नाही. नखानं ओरखडा उठेल न उठेल इतपतच तो कठीण. अंगठीत बसवायचा विचारही कुणी करू नये, हे उघड आहे. शिवाय त्यात तांब्याबरोबर आर्सेनिक आहे. आर्सेनिक म्हणजे जुन्या रहस्यकथांतून दुधाच्या पेल्यात पडणाऱ्या सोमलाचं मूळ!

हे खनिज ज्या गावानं जगाला दिलं ते सेंट डे, इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉल परगण्यात. गावालगतच्या खाणीचं नाव व्हील गॉरलंड. हा ‘व्हील’ चाकाचा नव्हे. तिथल्या जुन्या कॉर्निश भाषेत या शब्दाचा अर्थ काम चालण्याची जागा, म्हणजेच खाण. कॉर्नवॉलच्या नकाशावर व्हील अमुक, व्हील तमुक अशी नावं आपल्याकडच्या वाडी-बुद्रुकसारखी पसरलेली आहेत.

तर हा निळा खडा तयार कसा होतो? मुळात सुमारे २८ कोटी वर्षांपूर्वी या भागात खालून तप्त शिलारस वर चढला आणि थिजून ग्रॅनाइट झाला. त्याच्यातून निघालेल्या ऊन पाण्यानं खडकांच्या भेगांमध्ये तांबं, कथील, लोखंड, आर्सेनिक, गंधक असा सगळा ऐवज आणून भरला. भेगा बुजल्या, त्यांच्या शिरा झाल्या. या शिरांतलं तांबं गंधकाशी बांधलेलं, पितळी झाक असलेलं. ही मूळची, पहिल्या पिढीची खनिजं. निळा रंग त्यांत औषधालाही नाही.

मग वरची जमीन झिजत झिजत शिरेचं डोकं उघडं पडतं. पावसाचं पाणी हवा घेऊन आत मुरतं. गंधकाला हवा लागली की आम्ल तयार होतं, ते आम्ल तांब्याला विरघळवतं, शेजारच्या आर्सेनिकलाही सोडवतं. लोखंड गंजून वरच राहतं. त्याची तांबूस-पिवळी, भुसभुशीत टोपी शिरेच्या माथ्यावर बसते. कॉर्नवॉलचे खाणवाले तिला ‘गॉसन’ म्हणत आणि ती दिसली की खाली काहीतरी आहे, अशी खूणगाठ बांधत. विरघळलेलं तांबं मात्र पाण्याबरोबर खाली उतरतं आणि वाटेत ज्याची गाठ पडेल त्याच्याशी घरोबा करतं. चुनखडीतलं पाणी भेटलं तर हिरवं मॅलाकाइट. कोरड्या हवेत नुसतंच गंधकाचं आम्ल उरलं तर खाणीच्या भिंतीवरच मोरचूद फुलतो. अशा रीतीनं मागाहून जन्मलेल्या खनिजांना दुसऱ्या पिढीची, दुय्यम खनिजं म्हणतात. दुय्यम हा शब्द इथं फक्त जन्माच्या क्रमापुरता. रूपात ही पोरं आई-बापांच्या कितीतरी पुढे असतात.

लिरोकोनाइटची गोष्ट याहून नाजूक आहे. त्याला तांबं हवं, आर्सेनिक हवं, भरपूर पाणी हवं आणि शिवाय ॲल्युमिनियम हवं. ॲल्युमिनियम तसं प्रत्येक चिकणमातीत असतं, पण ते सहसा जागचं हलत नाही. पुरेसं आम्ल असलं तरच पाण्यात उतरतं. दुसरीकडे आर्सेनिकचा ओढा लोखंडाकडे. आणि तांब्याच्या शिरेत लोखंड तर पोत्यानं पडलेलं! लोखंडानं आर्सेनिक आधीच पळवलं की निळ्याची वाट बंद. आम्ल जास्त झालं तरी बिघडलं, कमी झालं तरी बिघडलं. थोडक्यात काय, छत्तीस गुण जुळल्याशिवाय हे लग्न लागत नाही. इतर देशांतही मोजक्या ठिकाणी ते जुळलेले आहेत, पण तिथला माल बहुधा भिंगाखाली बघावा असा, कणभर. पेराएवढे स्फटिक म्हटलं की जाणकारांच्या तोंडी व्हील गॉरलंडचंच नाव येतं.

आणि यात एक मोठी अडचण होती. ही सगळी किमया शिरेच्या वरच्या भागातच चालते, जिथपर्यंत हवा पोचते तिथपर्यंत. खोदकामाची सुरुवातही वरूनच होते. म्हणजे खाण सुरू झाली की पहिल्या काही वर्षांत कुदळ याच थरातून जाणार. खाली उतरावं तसं मूळचं पितळी खनिज लागत जाणार आणि निळा भाग कायमचा संपणार. व्हील गॉरलंड १७९० च्या सुमारास जोरात सुरू झाली. शेजारच्या व्हील युनिटीतही तोच माल निघाला. निसर्गानं युगं खर्चून मांडलेला डाव उधळायला पाच-पन्नास वर्षं पुरली.

खाण काही शोभेच्या खड्यांसाठी काढलेली नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जगातलं जवळजवळ दोन तृतीयांश तांबं कॉर्नवॉल आणि शेजारच्या पश्चिम डेव्हनमधून निघत होतं. ब्रिटिश आरमाराच्या जहाजांचे तळ तांब्याच्या पत्र्यानं मढवायचे होते, नाणी पाडायची होती, पातेली-बंब घडवायचे होते. बर्मिंगहॅमचा मॅथ्यू बोल्टन हा वाफेच्या इंजिनांचा कारखानदार. त्याची इंजिनं कॉर्नवॉलच्या खाणींतलं पाणी उपसत आणि काही खाणींत त्याची भागीदारीही होती. त्याच बोल्टनच्या टांकसाळीत १७९१ साली मुंबई इलाख्यासाठी तांब्याची नाणी पाडली गेली, एका बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचं चिन्ह, दुसऱ्या बाजूला तराजू. त्या काळी मुंबईच्या बाजारात भाजीवालीच्या हातावर पडणारा पैसा असा सातासमुद्रापलीकडून येत होता.

सेंट डे ज्या ग्वेनॅप परगण्यात येतं, त्याला त्या काळी जगातला सर्वांत श्रीमंत चौरस मैल म्हणत. श्रीमंती मैलाची, माणसांची नव्हे. पुरुष टोपीला ओल्या मातीच्या गोळ्यानं मेणबत्ती चिकटवून शेकडो फूट शिड्या उतरत आणि पाळी संपली की तेवढ्याच शिड्या चढून वर येत. वर निघालेला दगड फोडायचं काम बायका-मुलींकडे. त्यांना ‘बाल मेडन’ म्हणत, ‘बाल’ हा खाणीसाठीचा आणखी एक कॉर्निश शब्द. आठ-दहा वर्षांच्या पोरीही त्यात असत. उन्हा-वाऱ्यापासून बचावासाठी डोक्याला पांढरी, खांद्यापर्यंत उतरणारी टोपडी, हातात हातोडा, समोर दगडांचा ढीग. धातू असलेला खडा इकडे, टाकाऊ तिकडे, मग इकडचा आणखी बारीक फोडायचा. मजुरी दिवसाला काही पेन्स.

या हातोड्यांखाली किती लिरोकोनाइट गेलं असेल! व्यापाऱ्याच्या हिशेबात तेही तांब्याचं खनिजच, भट्टीत टाकलं की तांबंच निघणार. फोडलेला माल जहाजानं वेल्समधल्या स्वान्सीला जाई. भट्टीला खनिजापेक्षा कोळसाच जास्त लागतो, आणि कोळसा स्वान्सीकडे होता. निळ्या खड्यातलं पाणी भट्टीत वाफ होऊन उडालं, आर्सेनिक पांढऱ्या धुरातून बाहेर पडून आसपासच्या कुरणांवर बसलं. तांबं जहाजांना गेलं.

पुणेकरांना हे वाचताना वाघोलीच्या दगडखाणी आठवतील. तिथल्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत कॅव्हनसाइट नावाचं गडद निळं खनिज मिळतं. त्यात तांबं नाही, त्याचा निळा रंग व्हॅनेडियममुळे आलेला. त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन अमेरिकेतल्या ओरेगनच्या नमुन्यांवरून १९७३ साली झालं, पण जगभरच्या संग्रहालयांत आज जे देखणे नमुने दिसतात ते वाघोलीचे. गंमत पाहा, वाघोलीच्या खाणी होत्या खडीसाठी. रस्त्यांवर आणि इमारतींच्या स्लॅबमध्ये जाणारा दगड तिथं निघत होता. क्रशरमध्ये पडण्याआधी ज्या दगडातलं निळं कुणाच्या तरी नजरेला पडलं, तेवढंच वाचलं.

व्हील गॉरलंडलाही असंच झालं. कॉर्नवॉलचे खाणकामगार वेगळा दिसणारा खडा बाजूला ठेवत, खिशात घालून वर आणत आणि शौकिनांना किंवा फिरत्या व्यापाऱ्यांना विकत. मालकांच्या दृष्टीनं ही चोरी. कामगाराच्या दृष्टीनं घरात दोन दिवसांची भाकर. आज त्या चोरीबद्दल आभारच मानायला हवेत, कारण मालकाच्या वहीत जे प्रामाणिकपणे जमा झालं त्यातलं काहीही उरलेलं नाही.

हे खडे घेणाऱ्यांत फिलिप रॅशली हे मोठं नाव. कॉर्नवॉलमधलेच जमीनदार, पार्लमेंटचे सभासद आणि खनिजांचं विलक्षण वेड. आपल्या संग्रहाची रंगीत चित्रं काढवून त्यांनी १७९७ आणि १८०२ साली दोन भागांत पुस्तक छापलं. त्यांचा संग्रह पुढे ट्रूरोच्या संग्रहालयात गेला आणि व्हील गॉरलंडचं लिरोकोनाइट हा तिथला मानाचा ऐवज आहे. दुसरे कौंट द बूर्नों, फ्रेंच राज्यक्रांतीत देशोधडीला लागलेले सरदार. इंग्लंडमध्ये येऊन धनिकांचे खनिजसंग्रह लावून देण्याचं काम करत त्यांनी दिवस काढले. १८०१ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी कॉर्नवॉलच्या तांबं-आर्सेनिक खनिजांवर प्रबंध प्रसिद्ध केला. त्यातल्या आकाशी खड्याचे कोन त्यांनी मोजले, आणि त्याच खनिजांचं रासायनिक पृथक्करण चेनेविक्स या आयरिश रसायनज्ञानं केलं. (हेच चेनेविक्स पुढे पॅलॅडियम हे मूलद्रव्यच नव्हे, पारा आणि प्लॅटिनमचं मिश्रण आहे, असं ठासून सांगून बसले आणि तोंडघशी पडले. विद्वानांचंही असं होतं.) घरदार गमावलेल्या एका माणसानं परक्या मुलखात बसून एका मऊ, फुटक्या, विषारी खड्याची एवढी कदर करावी, यात काहीतरी हृद्य आहे.

कॉर्नवॉलच्या तांब्याची सद्दी १८६६ नंतर संपली. चिली आणि अमेरिकेतलं तांबं स्वस्त पडू लागलं, भाव कोसळले, खाणी एकामागून एक बंद झाल्या. व्हील गॉरलंड अधूनमधून चालत, धडपडत १९०९ पर्यंत टिकली. माणसं मात्र तिच्या आधीच निघाली होती. ऑस्ट्रेलिया, मेक्सिको, दक्षिण आफ्रिका... आणि कर्नाटकातलं कोलार. ग्वेनॅपच्या खाणी चालवून नाव कमावलेल्या जॉन टेलर यांच्या कुटुंबाच्या कंपनीनंच १८८० नंतर कोलारच्या सोन्याच्या खाणींचा कारभार पाहिला आणि कॉर्नवॉलचे कप्तान व कारागीर तिथं आणले. पाळीच्या आत खाली उतरायची, आधाराला लाकूड लावायची त्यांची पद्धत ज्यांच्या हातात मुरली, ते मजूर तमिळ, तेलुगू, कन्नड बोलणारे होते. त्या खाणी २००१ साली बंद झाल्या. कॉर्नवॉलची शेवटची कथलाची खाण, साउथ क्रॉफ्टी, त्याआधी तीन वर्षं, १९९८ मध्ये थांबली होती.

एवढं होऊनही हे प्रकरण मिटलं नव्हतं. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये खनिजांचे अभिरक्षक माइक रम्सी आणि त्यांचे सहकारी जुन्या लिरोकोनाइटच्या नमुन्यांचा अभ्यास करत होते. सगळे निळे, पण एक नमुना गडद हिरवा. व्हील गॉरलंडमधूनच सुमारे २२० वर्षांपूर्वी निघालेला. लिरोकोनाइटमध्ये थोडा हिरवेपणा चालतोच, म्हणून आजवर कुणी त्याकडे वेगळं पाहिलं नव्हतं. दोनशे वर्षं अभ्यासक आले, खण उघडला, पाहिला, ‘हिरवट प्रकार’ म्हणून पुन्हा बंद केला. नव्या उपकरणांनी तपासल्यावर दिसलं, की या खड्यात ॲल्युमिनियमची जागा लोखंडानं घेतली आहे. तेच लोखंड, जे एरवी निळ्याची वाट बंद करतं! इथं त्यानं वाट बंद केली नव्हती, तेच घर घेऊन आपल्या रंगानं रंगवलं होतं. म्हणजे हे लिरोकोनाइट नव्हतंच. जगाला माहीत नसलेलं वेगळं खनिज होतं.

डिसेंबर २०२० मध्ये, ब्रिटनमध्ये कोरोनामुळे लोक घरात अडकले असताना, ही बातमी जाहीर झाली. खनिजाचं नाव ठेवलं कर्नोवाइट. ‘कर्नो’ हे कॉर्नवॉलचं त्याच्या स्वतःच्या भाषेतलं नाव. ती भाषा अठराव्या शतकाच्या अखेरीस बोलणाऱ्यांच्या तोंडून जवळपास गेली होती. व्हील गॉरलंड सुरू झाली तेव्हाच तिचे शेवटचे बोल विरत होते. विसाव्या शतकात लोकांनी जुने ग्रंथ चाळून ती पुन्हा उभी केली, आता शाळांतून थोडीफार शिकवलीही जाते.

त्या हिरव्या खड्यासारखं दुसरं काही मिळेल का, म्हणून आता सेंट डेला जाऊन उपयोग नाही. शिरेचा तो वरचा भाग कधीच फोडून, चाळून, जहाजात भरून नेला गेला आहे. जे काही शोधायचं ते खणांतच. त्या नमुन्यावर आता नवं नाव लागलं आहे. खाणीचंही नाव त्याच्याबरोबर आहे. मेणबत्तीच्या उजेडात तो खडा ज्यानं बाजूला काढला, खिशात घातला आणि शिड्या चढून वर आणला, त्याला तो हिरवा दिसला होता की निळा, ते मात्र कुठल्याच चिठ्ठीवर लिहिलेलं नाही.